अहवाल येण्यापूर्वी

आजारपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि बरे होण्याविषयी त्याहूनही अधिक बोलतो. उपासनेनंतरच्या साक्षींत, महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत, नातेवाइकांच्या पत्रांत या दोन्हींना ठरलेली जागा असते. परंतु तपासणी झाली आहे आणि अहवाल अजून आलेला नाही, अशा दिवसांविषयी कोणी बोललेले मी फारसे ऐकलेले नाही. त्या दिवसांत आपण आजारी आहोत की नाही, हे माणसाला स्वतःलाच सांगता येत नाही. कोणी प्रकृती विचारली तर "बरी आहे" म्हणणे खोटे वाटते आणि "बरी नाही" म्हणणे तेही कदाचित खोटेच. आमच्या घरात सध्या असे दिवस चालले आहेत. त्या दिवसांत मला पडलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहे. जे आपल्याला ठाऊक नाही, त्याविषयी आपण प्रामाणिक कसे राहावे?

आमची धाकटी मुलगी वीस वर्षांची आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षे इंदूरला आहोत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा आमचा संसार. ती पाच हजार मीटर धावते. गेली सहा वर्षे आमच्या घरातला गजर पहाटे साडेचारला वाजतो, तो तिच्यासाठी. या वर्षी राज्य पातळीवरच्या निवड चाचणीसाठी तिने आठवड्याचे अंतर एकदम वाढवले. एप्रिलमध्ये तिच्या डाव्या नडगीत, आतल्या कडेला, घोट्याच्या वर सहा-सात बोटांवर दुखू लागले. आधी धावून झाल्यावर दुखे, मग धावताना, मग जिना उतरताना. एके रात्री मी पाणी प्यायला उठले, तेव्हा ती अंधारात पलंगाच्या कडेला बसून अंगठ्याने एकच जागा पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती.

एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "चित्रात काही नाही ना? मग मनातून काढून टाक." अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई म्हणाल्या, "चित्रात काही नाही म्हणजे हाडात काही नाही, असे नाही. एम.आर.आय. करा. तोवर धावायचे नाही." रुग्णालयात तारीख मिळाली ती तेरा दिवसांनंतरची. खाजगी केंद्रात ती दुसऱ्याच दिवशी मिळाली असती, पण त्याच महिन्यात सासूबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. असो. एम.आर.आय.नंतर पाचव्या दिवशी निवड चाचणी होती.

डॉक्टरबाईंचा संशय ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याचा होता. मला हा शब्द क्रिकेटमुळे ऐकून माहीत होता. जसप्रीत बुमराह पाठीच्या अशाच दुखण्यातून २०२२च्या सप्टेंबरमध्ये परतला, दोन सामने खेळला आणि लगेच विश्वचषकाला मुकला, हे आमच्या मुलाने तिला अनेकवार ऐकवले होते. परंतु हाड पडल्याशिवाय, आपटल्याशिवाय मोडते तरी कसे, हे मला समजत नव्हते. डॉक्टरबाईंनी ते शांतपणे समजावून सांगितले. हाड म्हणजे घराची तुळई नव्हे. ते जिवंत असते आणि आयुष्यभर स्वतःची डागडुजी करीत असते. त्यावर नवा भार पडू लागला की काही पेशी जुना, थकलेला भाग कोरून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. कोरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते. भरण्याला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. त्याच काळात धावणाऱ्याने अंतर वाढवत नेले, तर कोरलेल्या जागी बारीक चीर जाते. धावणाऱ्यांत ती सर्वांत अधिक नडगीच्या हाडात आढळते. पहिल्या काही आठवड्यांत ती एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, आणि पुढे जेव्हा तेथे काही दिसते, तेव्हा पुष्कळदा ती चीर नसून ती भरून येताना जमलेले नवे हाड असते. म्हणजे एक्स-रेला पुष्कळ वेळा मोडल्याची खूण मिळत नाही, सांधल्याची मिळते. एम.आर.आय. मात्र हाडाच्या आतील मज्जेला आलेली सूज लवकर दाखवतो.

हे ऐकून मी घरी येऊन थोडे वाचले. इ.स. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी वैद्याने लांबवर कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ मध्ये, आणि त्यानंतर दोन वर्षांनी अशा पावलांची चित्रे घेतली गेली तेव्हा आतली हाडे मोडलेली दिसली. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे ते दुखणे माणसांना होते, वैद्यांना ठाऊक होते, आणि तरीही त्याचे खरे नाव कोणाला माहीत नव्हते. त्या चाळीस वर्षांत किती सैनिकांना "चल, ऊठ" असे सांगितले गेले असेल, याचा विचार माझ्या मनातून जाईना, कारण तोवर मीही माझ्या मुलीला जवळजवळ तेच सांगून बसले होते.

ते कबूल करणे भाग आहे. दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा मी टेबलावर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाची टिपणे घेऊन बसले होते. लेखक तेथे आपल्याला शर्यतीत धावणाऱ्यांच्या जागी उभे करतो आणि ती शर्यत कशी धावावी ते सांगताना एक ग्रीक शब्द वापरतो: हुपोमोने. आपण त्याला धीर म्हणतो, सहनशीलता म्हणतो. शब्दाची फोड केली तर "खाली टिकून राहणे" असे काहीसे होते. वर भार आहे, आणि माणूस त्याच्या खालून निसटत नाही. मी त्या शब्दाच्या छायांमध्ये इतकी गुंतले होते की वर न पाहताच म्हणाले, "थोडे सहन करायला शीक." ती निघून गेली आणि पुढचे दहा दिवस धावली. बिचारे हाड तर भाराखाली टिकूनच राहिले होते! ज्या शब्दावर मी दिवसभर बसले होते, तो मी चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी ऐकवला. सहन कशाचे करायचे, हे ठरल्याशिवाय सहनशीलता हा सद्गुण होत नाही, एवढी साधी गोष्ट मला कोशात सापडली नव्हती.

मंडळीतल्या लोकांनी प्रेमाने विचारपूस केली. एका ज्येष्ठ काकांनी तिला चौतिसाव्या स्तोत्राची आठवण करून दिली. परमेश्वर नीतिमानाची सर्व हाडे सांभाळतो, त्यांतले एकही मोडत नाही, असा तेथील भाव आहे. "तेव्हा काळजी करू नकोस, बेटा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचा हेतू शंकेपलीकडचा आहे. पण घरी परतताना मुलगी रिक्षात हळूच म्हणाली, "आई, आणि माझे मोडलेले निघाले तर?" पुढे ती काही बोलली नाही, पण वाक्याचा उरलेला भाग मला ऐकू आला. हाड मोडले असेल तर आपण नीतिमान नाही, असाच तो होता. वाचकहो, अशा वेळी भाषांतरकाराला आपल्या विद्येचा थोडा उपयोग होतो. मी तिला योहानाच्या शुभवर्तमानातील एकोणिसावा अध्याय दाखवला. हाडे न मोडण्याविषयीचे शास्त्रवचन तेथे ज्याच्या बाबतीत पूर्ण झाले असे म्हटले आहे, तो त्या वेळी वधस्तंभावर मरून गेलेला होता. त्या वचनाला कोणाच्या नडगीचे हमीपत्र करता येणार नाही. तिने ते वाचले आणि पुष्कळ वेळ पुस्तक मिटले नाही.

दोन दिवसांनी तिने विचारले, "मग विश्वासाने धावून बघू का? देवाची इच्छा असेल तर दुखणार नाही." मी हसले, आणि लगेच मला जाणवले की हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यातील कितीतरी गंभीर माणसे मोठमोठे निर्णय याच रीतीने घेतात. मी तिला मंदिराच्या शिखरावरचा प्रसंग आठवायला सांगितला. सैतान तेथे उडी टाकण्याचा आग्रह करतो आणि त्यासाठी एका स्तोत्राचाच आधार देतो. देवदूत झेलतील, पायाला दगड लागणार नाही, अशा अर्थाचे ते वचन आहे. मोह इतक्या नेमकेपणाने पायाच्या सुरक्षिततेविषयी बोलतो हे मी पस्तीस वर्षे वाचत आले आहे. माझ्या मुलीच्या नडगीमुळे ते मला पहिल्यांदा दिसले. ज्याला आपण विश्वास म्हणतो तो कित्येकदा अधीरपणा असतो. अहवाल तेरा दिवसांनी मिळणार असेल, तर आपण तो देवाकडून आजच्या आज मागवू पाहतो.

परंतु हे सगळे मला समजण्यासारखे होते. ज्यासाठी मी तयार नव्हते ते पुढे आले.

एका रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी काय प्रार्थना करते सांगू? फ्रॅक्चर निघू दे, अशी करते." मला प्रथम वाटले, मी चुकीचे ऐकले. मग तिने सांगितले. सर सर्वांसमोर म्हणाले होते की हल्लीच्या मुलींना थोडे दुखले की पुरे. बरोबरच्या मुली काही बोलत नसत, पण ती मैदानाच्या कडेला बसली की त्यांचे पाहणे तिला कळे. एम.आर.आय.मध्ये काहीच निघाले नाही, तर ती नाटक करत होती हे सिद्ध होणार, असे तिला वाटत होते. चीर निघाली तर निदान ती खरी ठरणार. "हाड मोडलेले असले तर मी चांगली मुलगी," ती म्हणाली. "नाही तर मी भित्री."

वाचकहो, मला त्या रात्री झोप आली नाही. आपले मूल स्वतःचे हाड मोडलेले निघावे अशी देवाला विनंती करते, आणि तसे करण्यामागे त्याचा एक तर्क आहे, तो तर्क त्याला आपणच सर्वांनी मिळून शिकवला आहे. जे चित्रात दिसते तेच दुखणे खरे, बाकीचा मनाचा खेळ, असे आपण मानतो. देहाच्या दुखण्याबाबत मानतो, आणि मनाच्या दुखण्याबाबत तर आपली मंडळी याहूनही कठोर आहे. दुखणाऱ्या माणसाकडून आपण पुरावा मागतो, आणि पुरावा मिळेपर्यंतच्या दिवसांत त्याला आरोपीसारखे वागवतो. मग आरोपीने आपल्या निर्दोषपणासाठी हाड मोडलेले असावे अशी इच्छा धरली, तर दोष कोणाचा?

तेव्हा मला एरिक लिडल आठवला. आपल्या मुलांना त्याची पहिली गोष्ट ठाऊक असते: १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्याने त्या शर्यतीत भाग घेतला नाही, आणि पुढे चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक मिळवले. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आपण आवडीने सांगतो, कारण तिच्या शेवटी पदक आहे. त्याची शेवटची गोष्ट आपण क्वचितच सांगतो. तो मिशनरी होऊन चीनला गेला. १९४१ मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत स्थानबद्ध केले. तेथे तो मुलांना शिकवी, त्यांचे खेळ घेई, म्हाताऱ्यांची कामे करी. मग त्याचे डोके दुखू लागले, चालणे मंदावले, मन खिन्न झाले. छावणीतल्या तुटपुंज्या साधनांनी कारण कळण्यासारखे नव्हते. अतिश्रमाने मन खचले असावे असे ठरले, आणि पत्नीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रातही त्याने तसेच कळवले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी तो वारला. शवविच्छेदनात मेंदूत गाठ आढळली.

त्याच्या चरित्रांत एक गोष्ट नमूद आहे, ती मला सर्वांत अधिक लागते. आपण खचलो, सारा भार प्रभूवर टाकून आपल्याला उभे राहता यायला हवे होते, याचे त्याला दुःख होत असे. म्हणजे मेंदूत वाढणाऱ्या गाठीला तो आपल्या विश्वासातील उणीव समजत होता. अहवाल नसताना त्याने स्वतःवर निकाल दिला, आणि तो निकाल चुकीचा होता. मी हे मुलीला सांगितले. तिने विचारले, "आणि गाठ नसती तर? खरेच मनच खचले असते तर?" मी उत्तर देणार होते, पण थांबले. तिने माझ्या दृष्टांतातली चूक दाखवली होती. गाठ निघाली म्हणून लिडल निर्दोष, असे मी म्हणत होते. म्हणजे मीही पुरावाच पुढे करत होते. गाठ नसती तरी छावणीत दोन वर्षे राबून खचलेला तो माणूस काही कमी विश्वासू ठरला नसता. एवढे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "हां, हे चालेल."

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच होतो, पण या नियतकालिकाच्या वाचकांमध्ये मुलींच्या आया आहेत, म्हणून सांगते. पहिल्याच भेटीत डॉक्टरबाईंनी नडगी तपासून झाल्यावर विचारले, "पाळी शेवटची केव्हा आली?" मुलीने उत्तर देण्यापूर्वी माझ्याकडे पाहिले. "डिसेंबरमध्ये," ती म्हणाली. मला हे माहीत नव्हते. एकाच घरात, एकाच न्हाणीघरात वावरणाऱ्या आईला हे माहीत नव्हते. डॉक्टरबाईंनी समजावले की शरीराला श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की ते काटकसर करू लागते. पाळी थांबते, हाडांच्या डागडुजीला लागणारी संप्रेरके कमी पडतात, आणि मग नेहमीच्या सरावानेही हाडाला चीर जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला एक स्वतंत्र नाव दिले, इतकी ती खेळाडूंमध्ये आढळते. आणि ती मुलग्यांनाही चुकलेली नाही.

मागे वळून पाहिले तेव्हा सगळे उघड्यावर पडलेले होते. दिवाळीनंतर कोणीतरी तिला सांगितले होते की दोन किलो कमी झाले तर पाय हलका पडेल. तिने पोळ्या कमी केल्या. पुढे लेंट आला. चाळीस दिवस ती सकाळी धावून येई आणि दुपारपर्यंत काही खात नसे. मी तिला अडवले नाही. उलट महिला मंडळात मी हे कौतुकाने सांगितले. आजकालच्या मुलींत अशी भक्ती दुर्मीळ आहे, असे कोणी म्हणाले आणि मी नम्रपणे मान खाली घातली. तिने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्या उपवासात किती भक्ती होती आणि किती वजनाची भीती, हे तिला स्वतःलाही वेगळे करता येत नव्हते. पण मला ते वेगळे करून पाहण्याची गरजच वाटली नाही, कारण जे दिसत होते ते मला आवडत होते. एक्स-रेवर चीर दिसत नाही, हे मी फार उशिरा शिकले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जे ठाऊक नाही त्याविषयी प्रामाणिक कसे राहावे? व्यवहाराचा हिशेब अवघड नाही. चीर नसताना विश्रांती घेतली तर काही आठवडे जातील. चीर असताना धावली तर सारा हंगाम जाईल, आणि नडगीच्या पुढच्या बाजूच्या किंवा मांडीच्या हाडाच्या मानेच्या चिरा तर पूर्ण मोडण्यापर्यंत जाऊ शकतात. तेव्हा हाड मोडले आहे असे मानून वागावे. हे आमच्या दूधवाल्यालाही पटले. अवघड आहे ते निराळे: मोडले आहे असे मानून वागावे, पण मोडले आहे असे मानू नये. मराठीत या दोहोंमध्ये एका शब्दाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात राहणे फार कठीण जाते. मन रिकामी जागा सहन करीत नाही. ते म्हणते, विश्रांती घेत आहेस त्या अर्थी नक्कीच मोडले असणार. किंवा म्हणते, आज दुखले नाही त्या अर्थी काहीच नव्हते. दोन्ही वेळा ते अहवाल स्वतःच लिहून टाकते.

आमच्या कामात अशी एक जागा आहे. स्तोत्रसंहितेत एकाहत्तर वेळा आणि हबक्कूकच्या पुस्तकात तीन वेळा "सेला" हा शब्द येतो. त्याचा निश्चित अर्थ कोणाला सांगता येत नाही. गाणाऱ्यांसाठी किंवा वाजवणाऱ्यांसाठी ती खूण असावी, कदाचित थांबण्याची. तरुणपणी मला वाटे, आपण काहीतरी ठरवून टाकावे; वाचकाला अडखळायला का लावायचे? "विराम" लिहावे, किंवा सरळ गाळून टाकावे. पण भाषांतरकारांच्या अनेक पिढ्यांनी तो शब्द तसाच मराठीत आणला आहे आणि तेथेच राहू दिला आहे. पान छापावे लागते, स्तोत्र गायचे असते, लोक वाट पाहत असतात. काम थांबत नाही. जे कळते त्याचे भाषांतर होते, आणि जे कळत नाही ते कळल्यासारखे दाखवले जात नाही. मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने आपल्या सरावाच्या वहीत, जेथे रोजचे किलोमीटर लिहिते तेथे, त्या दिवसाच्या रकान्यात "सेला" लिहिले. पुढच्या दिवशीही लिहिले. मला ते थोडे नाटकी वाटले, पण मी काही बोलले नाही.

परवा एक गोष्ट घडली. निवड चाचणीतून नाव मागे घ्यायचे तर कळवण्यास अजून तीन दिवस होते. एम.आर.आय. अजून व्हायचा होता. अहवाल आला की ठरवू, असे माझे आणि यजमानांचे मत होते. तिने मात्र त्याच संध्याकाळी सरांना फोन करून नाव मागे घेतले. मी जरा रागावलेच. "एवढे थांबलीस, अजून दोन दिवस थांबली असतीस. कदाचित काहीच निघाले नसते!" ती म्हणाली, "म्हणूनच आधी सांगितले. नंतर सांगितले असते तर अहवाल दाखवून सांगावे लागले असते. आता काही नाही निघाले तरी चालेल मला." थोड्या वेळाने तिने सांगितले की फ्रॅक्चर निघू दे ही प्रार्थना तिने बंद केली आहे. तिच्या जागी काय मागते, हे मी विचारले नाही.

सर फोनवर काय म्हणाले तेही तिने सांगितलेले नाही. एवढे खरे की काल पहाटे ती साडेचारला उठली, मैदानावर गेली आणि लहान मुलींच्या चारशे मीटरच्या फेऱ्यांची वेळ घेत घड्याळ हातात धरून बाकावर बसली. डॉक्टरबाईंच्या परवानगीने ती एक दिवसाआड तरणतलावात कमरेला तरंगता पट्टा बांधून, तळाला पाय न लावता खोल पाण्यात धावण्याची क्रिया करते. ते पाहायला मी एकदा गेले होते. जीव ओतून पळणारे माणूस एका जागीच राहते, हे दृश्य मोठे विचित्र असते. नंतर ती भुकेने कळवळून घरी आली, आणि मी तिला तीन पोळ्या, वरण आणि दोन अंडी वाढली. तिने दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीकडे पुष्कळ वेळ पाहिले, मग तीही खाल्ली. मी पाठमोरी उभी राहून भांडी घासत होते, म्हणजे निदान तसे दाखवत होते.

आज सकाळी एम.आर.आय. झाला. यंत्राचा आवाज फार मोठा असतो असे ती म्हणाली. खिडकीवरच्या बाईंनी पावतीवर शिक्का मारून सांगितले, अहवाल उद्या दुपारी चारनंतर, मूळ पावती आणल्याशिवाय मिळणार नाही. पावती सासूबाईंच्या चष्म्याच्या घरात ठेवली आहे, कारण आमच्या घरात तेवढी एकच वस्तू कधी हरवत नाही.